अर्धं मिनिट

दुपारी दीडच्या सुमाराला शिरूर अनंतपाळची जीप आली आणि रत्नम्माला कॅज्युअल्टीच्या पहिल्या कॉटवर निजवलं, तेव्हा डॉक्टर रुद्रेश धावतच तिथं पोचला. दीपमालाच्या आधी पोचायचं होतं त्याला. लातूरच्या त्या दवाखान्यात तातडीच्या विभागाचा प्रमुख नेमायचा होता, दोघांपैकी एकाचं नाव संध्याकाळी वर जाणार होतं, आणि अधीक्षक साहेब आज दारातच उभे होते.

दीपमाला आपल्या बरोबरीनं यादीत असावी हेच रुद्रेशला पचत नव्हतं. त्याचे वडील शंकरप्पा म्हणजे उदगीरच्या मोंढ्यातलं, धान्यबाजारातलं मोठं प्रस्थ. ती औशाकडच्या बंजारा तांड्यावरची. तिला सीट कशी मिळाली, हे तो चहाच्या वेळी कुणी न विचारताच सांगायचा. पण खरी जळजळ निराळीच होती. बरे झालेले पेशंट घरी जाताना "त्या बाई डॉक्टर कुटं हायत?" म्हणून शोधत यायचे. त्याला कुणी शोधत नसे.

तिची एक सवय होती. ताईत, दंडावरचा दोरा, हातातला चुडा, काहीही काढायचं तर ती आधी विचारायची. काढलेलं धुतलेल्या रुमालात ठेवून ज्याचं त्याच्या हाती द्यायची. "दवाखाना हाय का देवघर?" रुद्रेश सिस्टर स्वप्नालीला म्हणायचा. कालच त्यानं साहेबांच्या कानावर घातलं होतं, "दर पेशंटमागं अर्धं मिनिट वाया जातं, सर. आपल्याकडं तेवढ्यात माणूस जातो." साहेबांनी मान डोलावली होती. त्या रात्री रुद्रेशला झकास झोप लागली.

रत्नम्मा सत्तरीची. घामानं चिंब, ओठ पांढरे. ईसीजीच्या तारा जिथं चिकटवायच्या, नेमकी तिथंच गळ्यातल्या दोऱ्याची चांदीची डबी आलेली. रुद्रेशनं एकवार दाराकडं पाहिलं, कात्री उचलली, दोरा कापला, डबी बाजूच्या ट्रेमध्ये टाकली आणि तारा चिकटवल्या. ट्रेमध्ये आधीच्या पेशंटचे रक्ताळलेले बोळे होते.

म्हातारी उठूनच बसली. छातीवरच्या तारा तिनं ओरबाडून काढल्या.

"माजा देव कुटं टाकला?"

"अव्वा, निज की," मुलगा रामलिंग काकुळतीला आला.

"मला घरला न्या. देवाबिगर मरायचं न्हाई मला."

त्या डबीत इष्टलिंग होतं. लिंगायताच्या अंगावरून ते मरेपर्यंत उतरत नाही, हे रुद्रेशला कुणी शिकवायला नको होतं. तसलीच डबी त्याच्या आईच्या गळ्यात होती. त्याची स्वतःची हॉस्टेलला जाताना कपाटात राहिली, ती आजपर्यंत तिथंच होती.

"धरा तिला," तो ओरडला. दोघांनी धरलं तशी ती आणखीच झटापट करू लागली. तारा पुन्हा चिकटवल्या, तरी मशीनमधून नुसत्या वेड्यावाकड्या रेघा येत होत्या, आणि रेघा नीट आल्याशिवाय रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येत नव्हतं. सहा मिनिटं गेली.

पलीकडच्या कॉटवरून दीपमाला आली. हात धुऊन ट्रेपाशी उभी राहिली. हात मात्र लावला नाही.

"आज्जी, मी उचलू का? का लेकाला द्यायला सांगू?"

रत्नम्मा धापा टाकत तिच्याकडं बघत राहिली. "तू कुणाची गं?"

रुद्रेशला आतून गुदगुल्या झाल्या. आता कळेल हिला, असं त्याला वाटलं. समोर माणूस मरत असताना वाटलं.

"तांड्यावरची हाय, आज्जी. औशाकडची."

म्हातारीनं तिचं तोंड पाहिलं, मग पाणी निथळणारे हात पाहिले. आणि आपला डावा तळवा पुढं केला. "दे."

दीपमालानं डबी स्वच्छ पुसून रुमालासकट तळव्यावर ठेवली. मूठ मिटली आणि रत्नम्मा आपणहून आडवी झाली. रेघा नीट आल्या. हृदयाचा झटका मोठा होता. इंजेक्शन सुरू झालं. रुद्रेशची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. तिला अर्धं मिनिट लागलं होतं.

साहेब दारातून निघाले. जाताना दीपमालाला तेवढं म्हणाले, "काम झालं की केबिनला या."

तासाभरानं रत्नम्माचं दुखणं उतरलं. रुद्रेश बीपी बघायला आला, तसे तिनं डोळे उघडले.

"आन् तू कुणाचा रे, लेकरा?"

हा प्रश्न त्याला लहानपणापासून आवडायचा. शंकरप्पाचं नाव घेतलं की मोंढ्यापासून मठापर्यंत लोक बसायला जागा करून द्यायचे. आताही सांगितलं असतं, तर म्हातारीनं दोन वाक्यांत नातं काढलं असतं. त्याचा हात गळ्याशी गेला. तिथं स्टेथोस्कोप होता.

"मी... डॉक्टर हाय इथला."

तो बीपीचा पट्टा घेऊन तिच्या डाव्या हाताकडं वाकला.

"त्यो नगं," रत्नम्मा म्हणाली. मिटलेली मूठ तिनं पदराखाली घेतली आणि दुसरा हात पुढं केला.