एकेचाळीस लाल खुणा

पडद्यावर बोर्ड उघडला आणि त्यावर चुका दाखवणाऱ्या एकेचाळीस लाल खुणा उमटल्या. कंपनी वाढली, तसं सर्किट आखायचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. ते पारखायला मालकीण वैजयंतीनं, सुरुवातीपासून सोबत असलेल्या खासनीसकाकांनी आखलेला कंपनीचा पहिलावहिला बोर्ड दिला होता.

"तांब्याचे ट्रॅक एकमेकांना खेटलेत! कुणी केलंय हे?" विक्रेता म्हणाला. नवे इंजिनिअर गालातल्या गालात हसले.

वैजयंती चपापली. तेव्हा हा बोर्ड ज्यात बसवायचा, तो गिऱ्हाइकाचा डबा लहान पडत होता. काका नको म्हणत असताना तिनंच चिठ्ठी लिहिली होती, ‘कसंही करून बसवा. जबाबदारी माझी.’ हे सांगायला तिनं तोंड उघडलं, पण शेजारी नवे भागीदार बसले होते. तिनं पाण्याचा ग्लास उचलला.

"माझीच चूक," काका म्हणाले. "नवं घ्या, मॅडम. पोरांच्या चुका वेळेवर पकडेल."

सगळे चहाला गेल्यावर ती काकांच्या टेबलापाशी थबकली. ती चिठ्ठी बारा वर्षं त्यांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली होती. काल, कोणता बोर्ड तपासणार हे तिनं काकांना सांगितलं, तेव्हाही होती.

आज तिथं सेलोटेपचा पिवळा डाग तेवढा उरला होता.