सात पालांची माय

“सात पालं गंगेपार, म्होरं सत्यशीला माय…”

नांदूरघाटच्या माळावर, पालासमोर बसून साखराबाईंनी डोळे मिटून ओळ म्हटली आणि तानाजी सरांनी मान खाली घातली. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू होतं. ते बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत गावोगाव हिंडणारी ही माणसं. निजामाच्याही आधी ती या मुलखात कशी आली, हे कुठल्याच दप्तरात नाही. जे होतं ते गाण्यात. आणि ते गाणं पुरं येणारी आता एकच बाई उरली होती, ऐंशी पार केलेली साखराबाई.

वीस वर्षांपूर्वी सरांनी या जमातीवर एक छोटं पुस्तक काढलं. गाणं सांगणाऱ्या बंकट म्हाताऱ्याला सात पालं घेऊन गंगा, म्हणजे गोदावरी, उतरलेल्या बाईचं नावच आठवेना. तिकडं बीडला छापखाना खोळंबलेला. सरांनी दिलं ठोकून स्वतःच्या आईचं नाव, सत्यशीला. म्हटलं, कोण बघतंय! अभ्यासकांनी खरंच पाहिलं नाही. ज्यांच्यावर लिहिलं होतं, त्यांनी मात्र वाचलं.

ही लबाडी सरांना तेव्हापासून डाचत होती. खरं नाव शोधायलाच ते आज आले होते.

“मावशी, हे नाव खोटं आहे,” सरांना मान वर करवेना. “माझ्या आईचं आहे ते. मीच घातलं. खरं नाव काय होतं?”

साखराबाई चिडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

“माझी आई दुसरंच नाव घ्यायची,” त्या हळू म्हणाल्या. “मंग पोरं साळंत गेली. तुमचं पुस्तक आणलं. म्हनली, आजे, तू चुकीचं म्हनतीस, हितं छापलंय बघ. मला कुठं वाचाया येतंय? वाटलं, एवढं शिकल्यालं मानूस खोटं कावून लिहील?”

“पण तुमची आई घ्यायची ते नाव, मावशी? थोडं तरी आठवा.”

साखराबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“गाताना त्येच यायचं तोंडात. आलं की मी गालात मारून घ्यायची,” त्या म्हणाल्या. “लई वर्सं लागली, सर. पर इसरले एकदाची.”