बास

निषादने लॅपटॉप केळुसकर बाईंपुढे सरकवला. पडद्यावरच्या कासवाला मराठीतून हुकूम देऊन मुलांनी चित्रं काढावीत, म्हणून तीस वर्षांपूर्वी बाईंनी शाळेतल्या एकुलत्या एका संगणकावर एक भाषा रचली होती. त्यांच्या या विद्यार्थ्याने आता ती नव्याने घडवली होती. बाई मात्र तिच्यात आपले जुने शब्द शोधत होत्या.

"'अग्रेसर हो' कुठं गेलं रे?"

"मुलं हसतात, बाई. आता नुसतं 'चाल'."

"आणि 'परिक्रमा कर'?"

"गरगर फीर!"

बाईही हसल्या, पण जराशा हिरमुसल्या. एकेक शब्द किती हौसेने निवडला होता त्यांनी! "कासव थांबवायला 'समाप्त' तरी ठेवलंस ना?"

"नाही. 'बास'. तुमच्या भाषेतला तेवढाच शब्द राहिलाय."

तो तर बाईंचा नव्हताच! चौथीतल्या शेवंतीला 'समाप्त' कधी नीट लिहिता यायचं नाही आणि कासव कडेला धडका देत राहायचं. एकदा रडकुंडीला येऊन ती त्याच्यावरच ओरडली, "बास की रं आता!" दुसऱ्याच दिवशी बाईंनी संगणकाला तो शब्द शिकवला.

"हाच कसा राहिला?"

"काढून बघितला, बाई. मुलं तरी 'बास'च लिहितात."

बाईंनी लॅपटॉप जवळ ओढला, कासवाला पडदाभर गरगर फिरवलं आणि एका बोटाने हळूच लिहिलं, 'बास'.

कासव थांबलं.

"शेवंते," बाई पुटपुटल्या, "अजून ऐकतंय गं तुझं!"