पाहुण्यांची ओळ

माणूस मुळात मातीचाच, हे सुजीत दामलेला बेचाळिसाव्या वर्षी, जावातल्या डोंगरगावात चार दिवसांच्या सुट्टीत कळलं. तिथे त्याने कोबीच्या रोपांची अख्खी ओळ स्वतः लावली. दोन महिन्यांनी आखातात, करामा भागातल्या त्याच्या घरी त्या ओळीचा फोटो आला. भरगच्च गड्डे! त्याने राजीनामाच टाइप केला.

"शेती रक्तात असावी लागते."

"बाल्कनीतली तुळस तिसऱ्यांदा वाळलीये," बायको म्हणाली.

ऑफिसात चहा करणारी सीती त्याच डोंगरातली. त्याने तिला फोटो दाखवला.

"आमच्याकडेही पाहुण्यांची ओळ असते, सर. पाहुणे गेले की आई ती उपटून परत लावते."

"का?"

"मुळं बाहेरच राहतात ना."

दुपारी सुजीतने बॉसला मेल पाठवला. सोबत मार्चचा सेल्स रिपोर्ट होता.