महापरसाद

“नाम तो लेना पड़ेगा, भैया,” भैय्यालाल पुन्हा म्हणाला. नव्या पक्षाचं शहरातलं सगळं काम तोच बघायचा.

गंगाधररावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गळ्यातला गमछा सैल केला. पक्षप्रवेश सकाळीच झाला होता. गमछा कोरा, कडक; मानेला सारखा खाजत होता. गोल बाजारातल्या मंचावर ते बसले होते खरे, पण पाय काही जागेवर राहत नव्हता. बाजूच्या खुर्चीवर दिल्लीहून आलेले निरीक्षक होते. नव्या छत्तीसगढ राज्याची पहिली निवडणूक, आणि या जागेचं तिकीट त्यांच्याच शब्दावर अडलेलं.

जुन्या पक्षाने तिकीट दिलं असतं तर ही उडी मारायची वेळच आली नसती. पण तिथे ते दुसऱ्याला मिळालं. त्या दुसऱ्याचं नाव शालिग्राम. तुम्ही-आम्ही ते घेतलं तर काही बिघडत नाही; गंगाधररावांना मात्र घेता येत नव्हतं.

दोघं विशीत असताना त्यांनी जगन्नाथपुरीचा महाप्रसाद एकमेकांच्या तोंडात घातला होता, चार माणसांदेखत. छत्तीसगढात असा मितान, म्हणजे शपथेचा मित्र, जोडला की तो सख्ख्या भावाच्या वर. त्याचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही, समोर नाही आणि पाठीमागेही नाही. चुकून निघालं तर नारळ फोडून माफी मागायची. मुद्दाम काढलं तर नातं संपलं. तेव्हापासून दोघंही एकमेकांना महापरसाद म्हणत आले होते.

घरून निघताना त्यांची बायको इंदूताई दारातच आडव्या उभ्या राहिल्या होत्या.

“काय बोलायचं ते बोला, पण नाव नका घेऊ त्यायचं. तुमचे बाबा गेले तवा त्यायनंबी मुंडण केलं होतं.”

“मले काहून सांगून राहिली? मले मालूम नाही का?” गंगाधरराव खेकसले होते. मालूम होतं, म्हणूनच खेकसले.

“मितान-वितान घर में रखो,” भैय्यालाल आता कानाशी लागला. तो इथलाच, त्याला सगळं ठाऊक होतं. “साहब देख रहे हैं, उनसे लड़ने का दम है या नहीं.”

दिल्लीच्या साहेबाला काय सांगणार मितान म्हणजे काय ते? आणि सांगितलं तरी तो तिकीट दुसऱ्याला देऊन मोकळा होणार.

मंचासमोरच, रस्त्यापलीकडे, शालिग्रामांचं भांड्यांचं दुकान होतं. प्रचाराच्या धामधुमीतही हा माणूस दुकानाच्या गादीवर येऊन बसायचं सोडत नव्हता. खांबावरच्या भोंग्याचं तोंड नेमकं त्या दुकानाकडे होतं. बांधणाऱ्यांनी ते मुद्दामच तसं बांधलं होतं.

गंगाधरराव बोलायला उभे राहिले. हिंदी त्यांची फर्डी. नळाला पाणी नाही, नाल्या तुंबलेल्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्यांची काळी धूळ. गर्दी माना डोलावत होती.

“और इसका ज़िम्मेदार कौन है?” त्यांनी विचारलं, आणि विचारताक्षणीच पस्तावले.

“कौन?” गर्दी ओरडली.

“वही... हमारे विरोधी उम्मीदवार.”

“नाम बोलो!”

“अरे वही, बर्तनवाले सेठ!”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या नव्या नवरीसारखी गंगाधररावांची गत झाली होती. उखाणा घेणं तेवढं बाकी होतं. निरीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी मान वळवून भैय्यालालला काहीतरी विचारलं. भैय्यालालने नुसतेच खांदे उडवले. गंगाधररावांनी ते पाहिलं आणि माइक तोंडाशी ओढला.

“शालिग्राम!” ते ओरडले. “शालिग्राम ज़िम्मेदार है!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकदा जीभ वळली ती वळलीच. मग ते नाव त्यांनी पुन्हा पुन्हा घेतलं, आणि भोंगा ते रस्त्यापलीकडे फेकत राहिला. पलीकडे दुकानात कोणी मान वर केली नाही.

सभा संपली. निरीक्षकांनी पाठ थोपटली. गाड्या त्या दुकानाशीच लावलेल्या, तेव्हा तिथून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गंगाधरराव खाली मान घालून भराभर चालू लागले. चिडू दे, त्यांना वाटत होतं. शिव्या देऊ दे, चारचौघांत गमछा धरून ओढू दे, पण महापरसाद म्हणू दे. मग संध्याकाळीच नारळ घेऊन जाऊ, पाया पडू. भांडण काय, मिटवता येतं.

शालिग्राम गादीवरून उठले. पायरी उतरून रस्त्यावर आले. डोळे लाल दिसत होते, पण चेहरा शांत होता. त्यांनी दोन्ही हात जोडले.

“नमस्कार, गंगाधरजी,” ते म्हणाले आणि गिऱ्हाईकाची पितळी गुंडी तोलायला परत वर गेले.

गंगाधरराव तिथेच उभे राहिले. जोडायला उचललेले हात अर्ध्यावरच राहिले.

निरीक्षकांनी मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात टाकला. त्यांना माणूस फारच पसंत पडला होता.

“वाह! विरोधी भी आपको नाम के साथ ‘जी’ लगाकर बुलाते हैं,” ते म्हणाले. “टिकट पक्का समझिए.”