उद्याचं वजन

“दट्ट्या काढा, काकू. जोर लावून ढकलायचं नसतं,” संघमित्रा सिस्टर म्हणाली.

जयमालाने सिरिंजचा दट्ट्या उपसला आणि टीपॉयवर आपटला. “मग काय थेंब थेंब घालत बसू? उद्या काट्यावर तुम्ही उभ्या राहणार आहात का यांच्याऐवजी?”

जुईनगरच्या त्या वन बीएचकेत नंदकिशोर उशांना टेकून बसला होता. घशाच्या कॅन्सरने आवाज नेला आणि सगळं जेवण नाकातल्या नळीवर आलं. मागच्या केमोपासून मळमळ थांबत नव्हती. शेजारच्या फोडणीचा वास आला तरी पोट ढवळून निघायचं. उद्या वाशीला पुढची केमो. वजन आणखी घटलं तर देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून त्याच्या बायकोला दुसरं काही सुचत नव्हतं.

“एक वाटी गेली ना? आता थांबा. दुसरी तासाभराने, ती पण हळूहळू. त्यांना मळमळतंय.”

“मळमळू दे! मळमळून कोणी मरत नाही. उपाशी मरतात माणसं.”

“उलटी छातीत उतरली तर केमो राहील बाजूला, आयसीयू गाठावा लागेल.”

“जिभेला काही हाड आहे का, हो? माझ्याच घरात येऊन अभद्र बोलता!”

सिस्टरने नळी चिमटीत दाबून धरली. जयमालाने तिचा हात झटकला. सकाळपासून घराचा नुसता आखाडा झाला होता. पोट त्या बिचाऱ्याचं आणि भांडण दोघींचं. त्याला विचारतंय कोण!

“काकू, ते नको म्हणतायत. बघा तरी त्यांच्याकडे.”

“म्हणतायत? आवाज कुठाय त्यांना म्हणायला? मोठ्या आल्या मनातलं ऐकणाऱ्या! लग्न झाल्यापासून यांना मी वाढतेय, तुम्ही नाही.”

नळीला जोडलेली उघडी सिरिंज तिने एका हाताने उंच धरली आणि दुसऱ्या हातात वाटी घेतली. गाळलेलं डाळीचं पाणी होतं, त्यात डब्यातली पावडर कालवलेली.

नंदकिशोरने हात उचलला आणि सिरिंजच्या तोंडावर तळवा आडवा ठेवला. पंगतीत वाढपी समोर आला की पानावर ठेवतात, तसा.

“हात काढा,” जयमाला म्हणाली.

त्याने काढला नाही.

“अहो, हात काढा म्हणते ना! कसली नाटकं चाललीत? मला एकटीला टाकून जायचंय का तुम्हाला?” तिचा आवाज चिरकला, आणि तिने वाटी तशीच ओतली. बोटांवरून, मनगटावरून सगळं बनियनवर आणि चादरीवर ओघळलं.

वाटी रिकामी झाली. तिने ती शेवटच्या थेंबापर्यंत झटकली.

हात तिथेच होता.