पाच लाल ठिपके

लाल ठिपके पाच. मीनाक्षीनं पुन्हा मोजले, तरी पाचच. भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्यात हिरवा ठिपका म्हणजे धडधाकट मूल, पिवळा म्हणजे जपायला हवं असं, आणि लाल म्हणजे पार वाळलेलं. सकाळी तिनं वरच्या गल्लीतली अंगणवाडी तपासली होती. तिथं औषधालाही लाल नव्हता. सगळा तक्ता भाताच्या तरव्यागत हिरवागार.

गावातल्या दोन अंगणवाड्यांची आता एक करायची होती. कुठली ठेवायची आणि कुठलीला कुलूप लावायचं, ते पर्यवेक्षिका म्हणून मीनाक्षीनं आजच लिहून द्यायचं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! वरच्या गल्लीत रंगवलेल्या भिंती, टीव्ही, खणखणीत कविता म्हणणारी पोरं, आणि त्यांची सेविका शिवलीला कशी चटपटीत. इथं खालच्या अंगणवाडीत पोपडे सुटलेली एकच खोली आणि तिच्यात ही सेविका रत्नव्वा. बाई जागची उठलीसुद्धा नाही. मांडीवर वर्षा-दीड वर्षाची एक किडकिडीत पोर, तिला बोटानं लापशी भरवणं चाललेलं. पोर थुंकायची, ही पुन्हा भरवायची. मीनाक्षीचं डोकंच फिरलं.

वीस वर्षं नोकरी झाली आणि तक्ता हा असा, ती फाडकन बोलली. सहा महिन्यांपूर्वी पाच लाल होते, आजही पाचच. रत्नव्वानं शांतपणे सांगितलं की तेव्हाचे पाच निराळे होते. मग तर कहरच, असं म्हणून मीनाक्षीनं पेन काढलं.

तेवढ्यात वरची अंगणवाडी सुटली. वीसेक पोरं "अव्वा, अव्वा" करत उतारावरून धावत आली आणि कुणी न सांगता वजनकाट्यापुढं रांगेत उभी राहिली. सकाळचीच ती खणखणीत पोरं! एकेकानं काट्यावर चढायचं आणि रत्नव्वाकडं बघायचं.

"तेरा किलो भरलास की. आलतास तवा साडेसात हुतास."

मीनाक्षीला काही उमगेना. मग रत्नव्वानं सांगितलं. गावात कुणाचं पोर वाळायला लागलं की आया ते हिच्याकडं आणून टाकतात. पोरानं बाळसं धरलं की हीच त्याला वर पाठवते. तिथं टीव्ही आहे, कविता आहेत, आणि इथली जागा पुढच्या वाळक्याला लागते.

"आजवर सांगितलं का नाही हे?"

"कागदावर तसा रकाना न्हाय की, मॅडम."

मीनाक्षीनं जुन्या वह्या काढल्या. वरच्या तक्त्यावरची हिरवी नावं, एकामागून एक, इथं लाल शाईत सापडत गेली. केवढं मोठं काम, आणि आपण काय लिहायला निघालो होतो! ती उठली, पायातल्या चपला दाराबाहेर ठेवून आली आणि रत्नव्वासमोर जमिनीवर बसली.

पोरांच्या मागोमाग शिवलीला आली. मॅडमना बघून ती उंबऱ्यातच थबकली. मग खाली मान घालून पुढं झाली आणि रत्नव्वाच्या मांडीवरची ती किडकिडीत पोर तिनं उचलून छातीशी धरली.

"आज माझ्या लेकीनं काय खाल्लं का, अव्वा?"